‘अल्गो’ नेमके कशाला म्हणायचे? एका शब्दाची पार्श्वभूमी

‘अल्गो’ म्हणजे अल्गोरिदम: ठरवून दिलेल्या नियमांनुसार शेअर बाजारात ऑर्डर टाकणारे सॉफ्टवेअर, असे ढोबळमानाने समजले जाते. पण नियम बांधून शेअर घेणे-विकणे संगणकाच्या आधीपासूनचे आहे. वहीत भाव उतरवून, सरासरी काढून सौदे करणारे पूर्वीही होते. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शेअर बाजारात ऑर्डर इलेक्ट्रॉनिक मार्गाने फ्लोअरवर, म्हणजे माणसे समोरासमोर सौदे करत त्या दालनात, जाऊ लागल्या. गुंता सुरू झाला तो त्यानंतर, आणि तो तंत्राचा कमी, शब्दाचा जास्त आहे.

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. खापर फुटले ‘प्रोग्राम ट्रेडिंग’वर. गंमत अशी, की बाजाराच्या व्याख्येत प्रोग्राम ट्रेडिंग म्हणजे किमान १५ वेगवेगळ्या कंपन्यांच्या शेअरची, १० लाख डॉलर वा अधिक किमतीची एकत्रित खरेदी किंवा विक्री. त्यात संगणकाचा उल्लेखच नाही! त्या दिवशी ‘भाव पडला की आणखी विका’ हा हिशेब सॉफ्टवेअर करत होते हे खरे, पण फ्युचर्समधली (आज भाव ठरवून पुढच्या तारखेसाठी केलेल्या सौद्यांमधली) विक्री माणसे ओरडूनच करत होती. तरीही ‘संगणकाने बाजार पाडला’ हे वाक्य चिकटले ते चिकटलेच.

६ मे २०१० ची अमेरिकी बाजाराची घसरण याहून बोलकी आहे. एका मोठ्या फंडाने निर्देशांकावरचे ७५ हजार फ्युचर्स, म्हणजे सुमारे ४.१ अब्ज डॉलरचा माल, विकायला काढला. विकायचे हे माणसानेच ठरवले होते. सॉफ्टवेअरला फक्त एवढे सांगितले, की मागच्या मिनिटाच्या उलाढालीच्या ९ टक्के विकत जा. भाव आणि वेळ बघायची नाही. घबराटीत उलाढाल फुगली, तशी विक्रीही फुगली. या एका ऑर्डरला घसरणीचे मोठे कारण मानणारा सरकारी निष्कर्ष पुढे वादग्रस्त ठरला, आणि माझ्या मते तो वाद योग्यच होता. पण ‘काय विकायचे’ ठरवणारे आणि ‘कसे विकायचे’ ठरवणारे सॉफ्टवेअर वेगळे असते, हे तेव्हा ठळकपणे दिसले. दोघांनाही आपण ‘अल्गो’च म्हणतो.

युरोपने २०१८ पासून लागू केलेल्या नियमांत दोन्ही प्रकार अल्गो ठरतात. ऑर्डर टाकायची का, कधी, किती, कोणत्या भावाने, यातले काहीही माणसाच्या हाताशिवाय ठरत असले तरी पुरे. ऑर्डर नुसती योग्य बाजाराकडे पाठवणारे सॉफ्टवेअर मात्र वगळले आहे.

भारतात सेबी या शेअर बाजार नियामकाच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानंतर रिटेल, म्हणजे छोट्या वैयक्तिक गुंतवणूकदारांसाठी वेगाची मोजपट्टी आली. सेकंदाला दहापर्यंत ऑर्डर असतील, तर स्वतःच्या स्ट्रॅटेजीची (सौद्यांच्या नियमांची) एक्स्चेंजकडे, म्हणजे शेअर बाजाराकडे, वेगळी नोंदणी लागत नाही. मात्र ज्या अल्गोचा तर्क वापरणाऱ्यालाच दिसत नाही, तो ‘ब्लॅक बॉक्स’. तो पुरवायचा तर आधी रिसर्च अ‍ॅनालिस्ट (शेअरांचा अभ्यास करून शिफारशी देणारा) म्हणून सेबीकडे नोंदणी करावी लागते.