बदक, ससा आणि बस

घणसोली गावठाणातल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गाला पाच वर्षांची एक मुलगी येते. मध्यंतरी बसथांब्यापाशी तिने पाटीवरच्या 'बस' या शब्दावर बोट ठेवलं आणि ठामपणे वाचलं, "बदक, ससा." ब बदकाचा, स सशाचा, हे तिला घरच्या तक्त्यावरून तोंडपाठ आहे. दोन्ही अक्षरं तिने बरोबर ओळखली होती. पण 'बदक' म्हणताना सुरुवातीला जो 'ब' ऐकू येतो तेवढाच सुटा काढायचा आणि पुढच्या 'स'ला जोडायचा, याची सवय तिच्या कानाला कुणी लावली नव्हती. मी म्हटलं, "पाटीकडे बघू नकोस, नुसतं ऐक हं. ब... स..." दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत ती ओरडली, "बस!"

शब्दाचा अर्थ क्षणभर बाजूला ठेवून त्याच्या आवाजाकडे लक्ष देता येणं, त्याचे तुकडे पाडता येणं, एक तुकडा काढून दुसरा बसवता येणं, याला आता शिक्षणाच्या कागदपत्रांत 'ध्वनी जागरूकता' म्हणतात. नाव नवं आहे. मुळातली गोष्ट आपल्याकडे इतकी जुनी आहे की ती रोज आपल्या तोंडात असूनही आपल्याला दिसत नाही.

आपली वर्णमालाच बघा. ती कानाने आणि जिभेने रचलेली आहे. वेद तोंडी जपायचे तर उच्चार ढळता कामा नये, म्हणून सहा वेदांगांमध्ये 'शिक्षा' हे उच्चारशास्त्र आलं, प्रातिशाख्यं, म्हणजे वेदांच्या एकेका शाखेच्या उच्चारनियमांचे ग्रंथ, लिहिली गेली. आवाज तोंडात कुठे निर्माण होतो, श्वास किती लागतो, याची बारीक मांडणी त्या काळात झाली. क-वर्ग कंठात, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग जीभ मागे वळवून, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांवर. पाच ओळी, प्रत्येकीत पाच, अशी २५ व्यंजनं घशापासून ओठांपर्यंत चालत येतात. तळहात तोंडासमोर धरून 'त' आणि 'थ' म्हणून पाहिलं की शेजारी बसलेल्या या दोन अक्षरांमधला फरक हाताला वाऱ्यासारखा लागतो. ही विद्या शतकानुशतकं मोजक्याच घरांत कोंडलेली राहिली, हेही त्याच इतिहासात आहे आणि ते वगळून त्याचा अभिमान बाळगणं मला जमत नाही.

पंतोजीच्या शाळेपर्यंत येताना ती विद्या हाताची झाली. 'ॐ नमः सिद्धम्'चा 'ओनामा' झाला, धुळपाटीवर बोटाने आणि मग पाटीवर लेखणीने अक्षर गिरवत राहायचं, वळण बसेपर्यंत. पुढे 'ग म भ न' हा क्रम रूढ झाला. वळणाने एकमेकांजवळची अक्षरं एकत्र आणली की हाताला सोपं जातं, हा त्यातला विचार चांगलाच होता. पण वर्णमालेचा क्रम तोंडाचा आणि गमभनचा क्रम हाताचा. शाळेत दोन्ही आले, आणि कान मात्र घरावर सोडून दिला गेला.

घराने तो बऱ्यापैकी सांभाळला. भेंड्यांमध्ये शेवटचं अक्षर पकडावं लागतं. 'च'च्या भाषेत शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा: साखरेची 'चखरसा' होते, कमळाचं 'चमळक'. त्याहून मला नवल वाटतं ते आपल्या जोडशब्दांचं. चहाबिहा, शाळाबिळा, दप्तरबिप्तर. अजून शाळेचं तोंडही न पाहिलेलं पोर "मला चॉकलेटबिकलेट नको" म्हणतं, तेव्हा त्याने शब्दाचं पहिलं अक्षर सोलून काढलेलं असतं आणि तिथे 'बि' चिकटवलेला असतो. कुणी शिकवलेलं नसतं.

असं असेल तर वाचताना अडतं कुठे? याचं उत्तर विसाव्या शतकात हळूहळू सापडत गेलं आणि त्याची सुरुवात वाचनाच्या वर्गात झालेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत अंध सैनिकांसाठी छापील मजकूर आवाजात सांगणारं यंत्र बनवण्याची खटपट सुरू होती. प्रत्येक अक्षराला एक आवाज नेमून दिला की झालं, असं आधी वाटलं होतं. तसं झालं नाही. माणसाचं बोलणं माळेतल्या मण्यांसारखं सुटंसुटं नसतं. 'का' म्हणताना 'क्' आणि 'आ' एकमेकांत मुरलेले असतात. टेप कापून नुसता 'क्' वेगळा काढायला गेलं तर हाती चिरकणं लागतं. त्याच प्रयोगशाळेशी जोडलेल्या इझाबेल लिबरमन यांनी १९७४ साली लहान मुलांच्या हातात लाकडी दांडी दिली आणि शब्दात जितके तुकडे ऐकू येतील तितक्यांदा टेबलावर वाजवायला सांगितलं. चार वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांना उच्चारातले मोठे तुकडे, म्हणजे अवयव, मोजता आले. सुटे ध्वनी एकालाही मोजता आले नाहीत. पहिली संपताना अवयव ९० टक्क्यांना आणि ध्वनी ७० टक्क्यांना जमू लागले होते.

मधल्या दोन वर्षांत काय झालं? वय वाढलं की वाचायला शिकवलं गेलं? १९७९ साली जोझे मोराइस आणि सहकाऱ्यांनी पोर्तुगालमध्ये कधीच शाळेत न गेलेल्या प्रौढांना शब्दाचा पहिला व्यंजनध्वनी गाळायला सांगितला. बहुतेकांना ते जमेना. तशाच परिस्थितीतले, पण मोठेपणी वाचायला शिकलेले लोक मात्र ते करत होते. वय वाढलं म्हणून ध्वनी सुटे होत नाहीत. तिकडे ऑक्सफर्डमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांचा माग ठेवला. त्यांचं १९८३ साली छापून आलेलं काम माझ्या दृष्टीने सगळ्यांत उपयोगी. ज्यांना यमक आणि सारखी सुरुवात ओळखता येत होती ती मुलं पुढे वाचनात सरस ठरली. ज्यांना हे खेळ शिकवले आणि सोबत प्लॅस्टिकची अक्षरंही हाताळायला दिली, त्यांची शुद्धलेखनात सर्वांत जास्त प्रगती झाली. डेन्मार्कमधल्या बॉर्नहोम बेटावरचा बालवाडीतल्या रोजच्या ध्वनिखेळांचा प्रयोग १९८८चा. त्यानंतर हे खेळ युरोप-अमेरिकेच्या बालवर्गांत सर्रास गेले.

पण हे सगळं रोमन लिपीच्या मुलांचं. मराठीचं अक्षर वेगळं आहे. 'क' हा एक ध्वनी नाही, त्यात 'क्' आणि 'अ' दोन्ही आहेत. अक्षर मुळातच उच्चाराच्या तुकड्याएवढं, म्हणून आपल्या मुलांना सुरुवात सोपी जाते. मुलाच्या वहीत 'घर', 'नळ' लवकर येतात. कस लागतो तो मात्रा लागल्यावर. 'कि'ची वेलांटी हात आधी काढतो आणि तिचा आवाज कानाला नंतर येतो. 'पर्वत'मधला र 'व'च्या आधी उच्चारायचा, पण रफार बनून 'व'च्या डोक्यावर बसतो. तिथे अक्षर आतून फोडता आलं पाहिजे, आणि ते भेंड्या खेळून येत नाही. त्यात आपला 'अ' बोलताना गळतो. शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला एक टाळी, तर 'टोपली'ला टाळ्या किती, यावर आमच्या वर्गात दर वर्षी वाद होतो. पाटीवर अक्षरं तीन, तोंडात 'टोप्-ली' दोनच. मी दोघांनाही बरोबर म्हणते आणि दोन्ही वाजवून घेते. 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च कानाला वेगळे, लिहायला एक. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. मोडी लिपीत तो भेद बहुधा पाळलाच जात नसे. 'नांव', 'पांच' यांच्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी गेले, ही मात्र कानाची खरी सुटका होती.

मराठीतला हा विचार ज्या भूमीत रुजला ती तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, त्याआधी हा सगळा पट्टा ठाण्याचाच. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अंगणवाडी ही कल्पना तिथली. माँटेसोरी पद्धतीत खरकागदाच्या अक्षरावरून बोट फिरवताना अक्षराचा आवाज काढायचा असतो. ती पद्धत त्यांनी आदिवासी पाड्यांवरच्या मुलांजवळ नेली, गाणी-गोष्टी आणि आजूबाजूच्या वस्तूंसकट. नंतर वाडा तालुक्यात नीलेश निमकर यांच्या 'क्वेस्ट' या संस्थेने मराठी वाचनलेखनाच्या सुरुवातीवर चिकाटीने काम केलं. वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथे शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं अभ्यास केला. २०१७च्या त्यांच्या अहवालातलं चित्र वाचून मला फार वाईट वाटलं. तिसरी संपतानाही कितीतरी मुलं मात्रा आणि जोडाक्षरांपाशी अडकलेली. कन्नडमध्ये सोनाली नाग यांनी २००७ सालीच दाखवलं होतं की आपल्या लिप्यांत शब्दाच्या अवयवांची जाण लवकर येते आणि ध्वनीची बरीच उशिरा. जुलै २०२१ मध्ये पायाभूत वाचन-गणितासाठी केंद्राचं 'निपुण भारत' अभियान आलं आणि हा विषय सरकारी यादीत गेला.

आमच्या वर्गात एक पेच कायम असतो. गावठाणातली आगरी-कोळी घरं 'पानी' म्हणतात, 'डोला' म्हणतात. घरच्या बोलीत ण आणि ळ नाहीतच, मग कान ते पकडणार कुठून? अशा मुलीच्या वहीत 'पानी' आलं आणि त्यावर लाल फुली मारली, तर तिने ऐकलं ते खोटं असं आपण तिला सांगतो. तिने तर ऐकलं तसं चोख लिहिलेलं असतं, म्हणजे ध्वनी तिला कळलेला असतो. मी फुली मारत नाही. 'न' म्हणताना जीभ दातांच्या मागे टेकते, 'ण' म्हणताना वळून मागे जाते, हे आम्ही आरशात बघतो. पाच-सहा दिवस नुसतं न-ण, न-ण. मग गावाचंच नाव घेतो, त्यात तो बसलेलाच आहे.

बदक-सशाची ती मुलगी आता आजीकडे पानी मागते आणि पाटीवर पाणी लिहिते. गेल्या आठवड्यात वर्गात एक नवा मुलगा आला. जीभ कुठे लावायची ते ती त्याला तोंड उघडून दाखवत होती.