प्रमाणपत्र आहे, म्हणजे सही खरी?

"खेळाडूची सही असलेल्या बॅटसोबत प्रमाणपत्र असलं की सही अस्सलच, बॅट बिनधास्त ऑनलाइन विका," असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. पटण्यासारखाच आहे (मीही पूर्वी कागद पाहूनच निर्धास्त व्हायचो), पण असा कागद घरच्या प्रिंटरवरही निघतो.

म्हणून आधी सही पाहा. दहापट भिंगाखाली छापील सही बहुधा बारीक ठिपक्यांची दिसते. पेनाची रेघ सलग, शाई लाकडाच्या रेषांत किंचित पसरलेली. मग त्याच खेळाडूच्या खात्रीच्या सहीशी ताडून बघा. तंतोतंत जुळली तर उलट संशय घ्या; हाताची सही दरवेळी थोडी बदलते, यंत्राची नाही. प्रमाणपत्राचा नंबर, ते प्रमाणपत्र देणाऱ्याच्या साइटवर जाऊन स्वतः टाइप करा. कागदावरचा क्यूआर कोड नकली पानावरही नेऊ शकतो.