१२६ पर्याय, १० चाचण्या

एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये चालू किंवा बंद करता येतील असे फक्त ३० पर्याय आहेत असं धरा. त्यांच्यापासून १०७ कोटींहून जास्त वेगवेगळी रूपं तयार होतात. सेकंदाला एक या वेगानं अखंड तपासत बसलं तरी ३४ वर्षं लागतील. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, तर असे पर्याय दहा हजारांच्या वर आहेत. म्हणजे सगळं तपासण्याचा विचार सोडूनच द्यायचा आणि काय तपासायचं ते निवडायचं.

बऱ्याच ठिकाणी डीफॉल्ट, म्हणजे मुळात ठरवून दिलेली, सेटिंग तपासून काम संपवतात. हे मला धोक्याचं वाटतं, कारण इथले चिवट बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष, बहुतेकदा दोन पर्यायांच्या गाठीत दडलेले असतात. या विषयातलं एक नेहमीचं उदाहरण बघा. इमारत सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आग लागली की पाण्याचे फवारे सोडणारी एक सोय आहे, आणि जमिनीवर पाणी साचलं की मुख्य पाणीपुरवठा तोडणारी दुसरी. एकेकटी तपासली तर दोन्ही निर्दोष. दोन्ही चालू असतील तेव्हा मात्र फवाऱ्यांचं पाणी साचतं, दुसरी सोय पुरवठा तोडते आणि आग भडकत राहते.

मग ‘सगळे पर्याय चालू करून एकदाच तपासू’ असं वाटेल. तेही पुरत नाही. लिनक्समधल्या अशा ४२ बगचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले कित्येक बग एखादा पर्याय बंद असेल तरच डोकं वर काढणारे होते.

दिलासा देणारी गोष्ट दुसऱ्या एका अभ्यासातून पुढे आली. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या संशोधकांनी वैद्यकीय उपकरणं, ब्राउझर, सर्व्हर अशा प्रणालींमधले बिघाड तपासले. बहुतेक बिघाडांना एक किंवा दोन घटक कारणीभूत होते, आणि सहापेक्षा जास्त घटक एकत्र यावे लागले असा एकही बिघाड त्यांना आढळला नाही.

सगळी गंमत इथून सुरू होते. कुठल्याही दोन पर्यायांच्या चारच अवस्था असतात: दोन्ही चालू, दोन्ही बंद, पहिला चालू नि दुसरा बंद, किंवा उलट. प्रत्येक जोडीची प्रत्येक अवस्था निदान एकदा तपासली जावी, एवढीच अट ठेवू. एका चाचणीत सगळेच पर्याय कुठल्या ना कुठल्या अवस्थेत असतात, त्यामुळे ती एकाच वेळी असंख्य जोड्यांचं काम उरकते. १० पर्यायांची रूपं १,०२४, पण जोड्यांसाठी ६ चाचण्या पुरतात. १२६ पर्यायांची रूपं मोजायला ३८ अंकी संख्या लागते, आणि चाचण्या लागतात फक्त १०! या मांडणीमागचं गणित १९७३ मध्ये ग्युला काटोना यांनी, आणि स्वतंत्रपणे डॅनियल क्लाइटमन व जोएल स्पेन्सर यांनी सिद्ध केलं. संगणकशास्त्रात इतका मोठा फायदा इतक्या साध्या अटीतून क्वचितच मिळतो.

प्रत्यक्षात पर्यायांना एकमेकांची बंधनं असतात, काही एकत्र चालूच होत नाहीत. ते नियम तर्काच्या भाषेत मांडून चालण्याजोगी रूपं शोधण्याचं काम वेगळे प्रोग्रॅम करतात.

जेहिप्स्टर या वेब ॲप तयार करून देणाऱ्या साधनाची २६,२५६ रूपं संशोधकांनी एकदा खरोखरच सगळी तपासली. त्यातली सुमारे ३६ टक्के नापास झाली. हजारो अपयशांच्या मुळाशी पर्यायांच्या गाठीतले दोष होते फक्त सहा. तोच दोष पुन्हा पुन्हा पकडण्यात किती वेळ जातो, हे यावरून कळतं.

म्हणून क्रमही महत्त्वाचा. रिलीजची वेळ आली की चाचण्या मध्येच थांबवाव्या लागतात, तेव्हा दोष जितक्या लवकर सापडतील तितकं बरं. हाताशी जुनी माहिती नसेल तर पुढची चाचणी आधीच्या सगळ्यांपेक्षा शक्य तितकी वेगळी निवडावी. ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिला पर्यायांच्या यादीपलीकडे काहीच लागत नाही. कोड नुकताच बदलला असेल तर त्या भागाशी संबंधित पर्याय पुढे घ्यावेत. मागच्या निकालांवरून क्रम लावणंही उपयोगी, पण त्यात एक खाच आहे: सतत पास होणारी चाचणी मागे मागे ढकलली जाते आणि शेवटी तिची पाळीच येत नाही. यावर उपाय म्हणजे काही रूपं निव्वळ यादृच्छिक निवडायची. लिनक्स कर्नलच्या बांधणीत त्यासाठी ‘रँडकॉन्फिग’ नावाची वेगळी आज्ञाच आहे.