हुक्केरीची फाइल: रिलीज कँडिडेट तीन सिस्टिमवर तपासण्यामागची पार्श्वभूमी

बेळगावात आम्ही चार-पाच जण मिळून पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका मुक्त लायब्ररीचे (इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या तयार कोडचे) रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम आवृत्तीआधी तपासायला दिलेले संच, तपासतो. लायब्ररीचं काम साधं आहे, मजकुराच्या फाइली वाचून तक्ते करणं. मागच्या कँडिडेटच्या वेळी आम्ही जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं मराठीत लिहिली, प्रत्येकाची वेगळी फाइल. लिनक्सवर आणि मॅकवर सगळ्या नीट उघडल्या. विंडोजवर निपाणी, खानापूर, अथणी उघडल्या, पण आत मराठीऐवजी डोक्यावर रेघा असलेली रोमन अक्षरं. हुक्केरी आणि सौंदत्ती उघडल्याच नाहीत. एरर येऊन प्रोग्राम थांबला.

फाइलीत अक्षरं बाइटच्या, म्हणजे आकड्यांच्या, रूपात साठवतात; कोणत्या अक्षराला कोणते बाइट हे ठरवणारी पद्धत म्हणजे एन्कोडिंग. आमच्या फाइली यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये होत्या, आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. फाइल उघडताना कोणतं एन्कोडिंग घ्यायचं हे लायब्ररीने सांगितलं नव्हतं, म्हणून पायथनने त्या त्या सिस्टिमचं ठरलेलं घेतलं. लिनक्स आणि मॅकवर ते यूटीएफ-८. आमच्या विंडोजवर मात्र १२५२ क्रमांकाचं जुनं कोड पेज, म्हणजे एका बाइटला एक अक्षर देणारा तक्ता, पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला. त्यात २५६ जागा, पैकी पाच रिकाम्या. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकलेखनात) ८१ आणि जोडाक्षरातल्या हलन्ताचा ८डी. दोन्ही नेमके रिकाम्या जागांवर पडतात. त्यामुळे एक फाइल ‘हु’पाशी अडली, दुसरी ‘त्ती’पाशी. निपाणीत उकारही नाही आणि जोडाक्षरही नाही, खानापुरातला उकार दीर्घ; ती नावं बिनबोभाट बिघडली. मला विचाराल तर अडणारी फाइल परवडली. बिनबोभाट बिघडलेली सभासदांची यादी तशीच छापून जाते.

सिस्टिममधला हा फरक तीस वर्षांहून जुना आहे. सप्टेंबर १९९२मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ची आखणी केली. तोवर विंडोज एनटी या आवृत्तीचं काम बरंच पुढे गेलं होतं. १९९३मध्ये ती आली ती युनिकोडची (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाची) १६ बिटांची पद्धत घेऊन, आणि जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून कोड पेजही तशीच ठेवून. ती सोय आजही शिल्लक आहे.

छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवणाऱ्या आमच्याकडच्या डीटीपीवाल्यांना याची झळ बराच काळ लागली नाही. मराठी असो की कन्नड, निमंत्रणपत्रिका टाइप करायच्या त्या रोमन अक्षरांच्या जागी आपली अक्षरं बसवलेल्या फाँटांत. दुसऱ्या मशीनवर तो फाँट नसला की सगळ्या मजकुराचा चुथडा. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून होती, भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की मानकाच्या मांडणीवरून घेतलेली. पण विंडोजमध्ये ती आली विंडोज २०००बरोबर, आणि कन्नडला विंडोज एक्सपीपर्यंत थांबावं लागलं.

रिलीज कँडिडेट म्हणजे ‘यात काही मोठं सापडलं नाही तर हीच आवृत्ती’ असं सांगून दिलेला संच. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दोन आठवडे नवे बदल घेतात, मग साधारण दर आठवड्याला एक कँडिडेट, बहुतेक वेळा सातव्या-आठव्यापर्यंत. पायथनमध्येही या टप्प्यावर फक्त दुरुस्त्या घेतल्या जातात. २०१९पासून गिटहब ॲक्शन्स (कोड ठेवण्याच्या गिटहब संकेतस्थळावरची सेवा) तिन्ही सिस्टिमवरच्या चाचण्या आपोआप चालवून देतं, खुल्या प्रकल्पांना फुकट. पण चाचणीत लिहिलेलं असेल तेवढंच ते चालवणार. या लायब्ररीच्या चाचण्यांमधला सगळा मजकूर इंग्रजी होता, आणि साधी इंग्रजी अक्षरं यूटीएफ-८ आणि १२५२ दोन्हीत एकाच जागी असतात. त्यामुळे विंडोजवरही सगळं हिरवंगार, म्हणजे पास, दिसत होतं.

आम्ही बग नोंदवला आणि सोबत हुक्केरीची फाइल जोडली. दुरुस्ती एका ओळीची होती. पुढच्या कँडिडेटमध्ये ती आली आणि ती फाइलही चाचण्यांत गेली. पायथनने ३.१५पासून यूटीएफ-८ सगळीकडे मूळ एन्कोडिंग करायचं ठरवलं आहे. इथल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये जुनी पायथन अजून काही वर्षं चालेल, म्हणून आमच्या फोल्डरमध्ये हुक्केरीशेजारी आता जोडाक्षर असलेल्या संकेश्वरचीही फाइल आहे.