खालचे टाके : कट, दोरा आणि पथ्य यांची पार्श्वभूमी

‘नॉर्मल झाली, पण टाके पडलेत.’ बाळंतिणीची खुशाली विचारली की हे वाक्य हमखास येतं, आणि लगेच विषय बाळाच्या वजनाकडे वळतो. सिझेरियनच्या टाक्यांची चौकशी चारचौघांत होते, खालच्या टाक्यांची होत नाही. ते दुखत राहिले, पिकले किंवा उसवले तर कारणंही घरातच शोधली जातात: लवकर मांडी घालून बसली, भात खाल्ला, वारं लागलं. या टाक्यांचा पावणेतीनशे वर्षांचा इतिहास वेगळं सांगतो. जखम कशी भरणार याचा बराचसा निकाल बाळंतीण टेबलावरून उतरण्याआधीच लागलेला असतो. कट दिला का, कोणत्या कोनात दिला, दोरा कोणता होता आणि गाठी किती आवळल्या, यावर तो ठरतो.

योनीचं तोंड आणि गुदद्वार यांच्यामध्ये तीन-चार सेंटिमीटरची जागा असते. बाळाचं डोकं बाहेर येताना ती ताणून पातळ होते. नुसती त्वचा फाटली तर ती पहिल्या दर्जाची फाट, आतले स्नायू फाटले तर दुसऱ्या दर्जाची. शौच आणि वायू रोखून धरणाऱ्या गोल स्नायूपर्यंत फाट गेली तर तिसरा दर्जा, आणि गुदाशयाचं अस्तरही फाटलं तर चौथा. डॉक्टर देतात तो कट, म्हणजे एपिसिओटॉमी, हा मुळातच दुसऱ्या दर्जाच्या फाटीइतका खोल असतो. जिला कदाचित काहीच झालं नसतं किंवा नुसती त्वचा खरचटली असती, तिलाही कट दिल्यावर स्नायूंची जखम भरून काढावी लागते.

कटाचा पहिला ठळक लेखी उल्लेख डब्लिनचा. फील्डिंग ऊल्ड यांनी १७४२ मध्ये लिहिलं की बाळाचं डोकं दाराशी येऊन अडकलं आणि तोंड काही केल्या सैल होईना, तर कात्रीने गुदद्वाराच्या दिशेने छेद द्यावा. हा अडचणीतला उपाय होता, नेहमीचा नव्हे. ‘एपिसिओटॉमी’ हे नाव व्हिएन्नाच्या कार्ल ब्राउन यांनी १८५७ मध्ये दिलं. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कट फारसा पसरला नाही, कारण उघड होतं. भूल नव्हती आणि जखम पिकायचीच. क्लोरोफॉर्म प्रसूतीत आलं १८४७ मध्ये, एडिंबराच्या जेम्स सिम्प्सनमुळे. त्याच वर्षी व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावून बाळंतज्वराचे मृत्यू खाली आणले. जखमेतले जंतू मारण्यासाठी लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल वापरायला सुरुवात केली १८६५ मध्ये, निष्कर्ष छापले १८६७ मध्ये.

त्या काळात शिवणारा हात कितीही कुशल असला तरी रेशमी दोरा जखमेत पू धरायचा. १८४९ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात जे. मॅरियन सिम्स यांनी चांदीची तार वापरून मूत्राशय आणि योनी यांच्यामधलं भोक बंद केलं, कारण तार रेशमासारखी पू धरत नव्हती. ज्यांच्यावर हे जमवलं त्या अनार्का, बेट्सी आणि लूसी गुलाम स्त्रिया होत्या. अनार्कावर तीसेक शस्त्रक्रिया झाल्या, भूल न देता. प्रसूतीच्या जखमा शिवण्याचं शास्त्र सांगताना या तिघींची नावं गाळता येत नाहीत.

कट ‘नियम’ कसा झाला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाळंतपण घरातून रुग्णालयात गेलं. १९२० मध्ये शिकागोच्या जोसेफ डिली यांनी मांडलं की पहिलटकरणीला झोपेचं औषध द्यावं, कट द्यावा, चिमट्याने बाळ ओढून काढावं आणि मग सगळं नीट शिवावं. फाट टळेल, अंग बाहेर येणार नाही, बाळाच्या मेंदूवर दाब येणार नाही आणि शिवल्यावर जागा ‘कौमार्यासारखी’ होईल, असे त्यांचे दावे होते. तुलना करून पाहिलेला पुरावा एकाचाही नव्हता. तरी पद्धत रुजली. १९७० च्या दशकाअखेर अमेरिकेत योनीमार्गे होणाऱ्या बाळंतपणांत साठ टक्क्यांहून जास्त बायकांना कट दिला जात होता. शिवताना शेवटी एक टाका जास्त घालून तोंड अरुंद करायचं, ज्याला ‘नवऱ्याचा टाका’ म्हणतात, तो याच विचाराचं पिल्लू. त्याने कुणाचं भलं होत नाही, पुढचे संबंध दुखरे होतात एवढंच.

पुराव्याची झाडाझडती १९८३ मध्ये झाली. थॅकर आणि बॅंटा या अमेरिकी संशोधकांनी १८६० ते १९८० चं इंग्रजी वैद्यकीय लेखन चाळलं आणि कटाच्या फायद्यांना आधार सापडला नाही. १९८४ मध्ये इंग्लंडच्या रेडिंगमध्ये १,००० बायकांवर चाचणी झाली. एका गटात कट जमेल तितका टाळला, तिथे प्रमाण १० टक्के राहिलं. दुसऱ्या गटात ५१ टक्के. दहाव्या दिवशी आणि तीन महिन्यांनी वेदनेत फरक दिसला नाही, म्हणजे कटाने जे वाचवायचं ते वाचवलंच नाही. मग १९९३ मध्ये अर्जेंटिनाची आठ रुग्णालयं आणि २,६०६ बायका. गरज पडेल तिथेच कट देणाऱ्या गटात ३० टक्के, सरसकट गटात ८३ टक्के. गंभीर फाटीत दोन्हीकडे फारसा फरक नव्हता, पण शिवणाची गरज, दुखणं, जखम भरण्यातल्या तक्रारी आणि टाके उसवणं, हे सगळं गरजेपुरता कट देणाऱ्या गटात कमी होतं. टाके का भरत नाहीत याचं सर्वांत सरळ उत्तर या आकड्यांत आहे: जे नको होते तेही घातलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये १० टक्क्यांचं उद्दिष्ट सुचवलं आणि २०१८ मध्ये सरसकट कट देऊ नये असं स्पष्ट सांगितलं.

आपल्याकडे मात्र याच काळात बाळंतपणं रुग्णालयात गेली, आणि कटही सोबत आला. २००५-०६ मध्ये देशात रुग्णालयात होणारी बाळंतपणं ३८.७ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के झाली आणि महाराष्ट्रात ९४.७ टक्के. हे चांगलंच झालं, त्यातून जीव वाचले. पण सुईण उकिडवं बसवायची, तिथे आता पाय बांधून उताणं झोपणं आलं, आणि ‘पहिलटकरीण म्हणजे कट’ हा जुना पाठ अनेक लेबर रूममध्ये अजून चालू आहे.

कोन, दोरा, गाठ

अमेरिकेत कट सरळ खाली देत, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे तिरका. सरळ कट भरायला सोपा आणि कमी दुखरा, पण पुढे फाटला तर थेट गोल स्नायूत जातो. तिरका कट त्या स्नायूला वाचवतो, फक्त कोन पुरेसा हवा. डोकं दिसत असताना सगळी जागा ताणलेली असते. तेव्हा मधल्या उभ्या रेषेपासून ६० अंशांत दिलेला कट शिवल्यावर साधारण ४५ अंशांवर येतो. घाईत डोळ्यांच्या अंदाजाने ४० अंशांत दिला तर शिवल्यावर तो जवळजवळ सरळच भरतो.

दोऱ्याचा इतिहास त्याहून रंजक आहे. कॅटगट नावात मांजर असली तरी तो मेंढी-गुरांच्या आतड्यांचा. शरीर तो ‘पचवतं’, म्हणजे सूज आणून विरघळवतं, आणि जखम पिकली असेल तर दोरा वेळेआधीच सुटतो. क्रोमियमचे क्षार लावलेला क्रोमिक कॅटगट जरा जास्त टिकतो, भरवसा मात्र तसाच. १९७० च्या दशकात पॉलिग्लायकॉलिक आम्ल आणि १९७४ च्या सुमारास पॉलिग्लॅक्टिनचे कृत्रिम दोरे आले. ते पाण्याने हळूहळू तुटतात, सूज कमी आणतात. नेहमीचा पॉलिग्लॅक्टिन पूर्ण विरायला ५६ ते ७० दिवस घेतो, म्हणून जखम भरल्यावरही टोचत राहतो. लवकर विरणाऱ्या प्रकाराची ताकद ५ दिवसांत निम्मी होते, १०-१४ दिवसांत संपते आणि सहा आठवड्यांत दोरा नाहीसा होतो. बाराव्या दिवशी पॅडवर दोऱ्याचा तुकडा दिसला तर ‘टाका तुटला’ म्हणून घाबरू नये. जखमेच्या कडा जुळलेल्या असतील तर दोऱ्याचं काम झालेलं असतं. मॅड काऊ या गुरांच्या मेंदूरोगाच्या भीतीने युरोपने २००१ च्या आसपास कॅटगट बंद केला. आपल्याकडे तो अजून दिसतो, स्वस्त आहे म्हणून.

सुश्रुतांनी शिवणीचे चार प्रकार सांगितलेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. वेल्लितक म्हणजे गुंडाळत जाणारी सलग शिवण, ऋजुग्रंथी म्हणजे सुट्या गाठींची, असा अर्थ सामान्यतः लावतात. हाच वाद २००२ मध्ये इंग्लंडमध्ये १,५४२ बायकांवर तपासला गेला. दहाव्या दिवशी दुखणाऱ्यांचं प्रमाण सुट्या टाक्यांत ४४ टक्के, सलग शिवणीत २६.५ टक्के. कारण साधं आहे. पहिले दोन-तीन दिवस जागा सुजते. सुटी गाठ सुजेबरोबर सैल होत नाही, मांसात रुतते. सलग दोरा ताण सगळीकडे वाटून घेतो.

चांगल्या शिवणीची पायरी अशी: आधी गुदद्वारात बोट घालून गोल स्नायू शाबूत आहे का ते पाहायचं. मग पुरेशी भूल. पहिला टाका योनीतल्या जखमेच्या टोकाच्या सुमारे १ सेंटिमीटर वर, म्हणजे मागे सरकलेली रक्तवाहिनी निसटत नाही. मग योनीची बाजू, मग स्नायू, आत पोकळी न ठेवता, शेवटी त्वचेच्या आतून. गाठ आवळायची ती कडा भेटतील एवढीच, मांस पांढरं पडेपर्यंत नव्हे. संपल्यावर पुन्हा गुदद्वार तपासायचं, टाका गुदाशयात शिरला नाही ना, आणि गॉज मोजायचे. आत विसरलेला गॉज तिसऱ्या-चौथ्या दिवशी असह्य दुर्गंधी आणतो, आणि दोष बाईच्या स्वच्छतेला लागतो.

काय बिघडतं, केव्हा बिघडतं

पहिल्या २४ तासांत वेदना वाढतच गेली, एका बाजूला दाब-ठणका, बसवेना, लघवी होईना, तर आत रक्त साचलं असण्याची शक्यता असते. वेदनाशामक देऊन वाट पाहायची ही गोष्ट नाही, लगेच दाखवावं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुढे ताप, वाढती लाली, पू, वास, म्हणजे संसर्ग. टाके उसवण्याचे बहुतेक प्रसंग पहिल्या दोन आठवड्यांत येतात, आणि त्यामागे बहुधा संसर्ग, साचलेलं रक्त किंवा अतिताण असतो. रक्तक्षय आणि मधुमेह त्यात भर घालतात. बसण्याने टाके उसवत नाहीत.

उसवलेली जखम पूर्वी तशीच सोडत आणि दोन-तीन महिन्यांनी शिवत. १९८० आणि १९९० च्या दशकांत अमेरिकेतल्या रुग्णालयांनी संसर्ग आवरल्यावर, मृत मांस काढून, काही दिवसांतच पुन्हा शिवून दाखवलं. आज दोन्ही मार्ग आहेत. छोटी जखम आपोआप भरते, वेळ मात्र लागतो. मोठी लवकर शिवणं बरं.

प्रतिजैविकांची कथा वेगळी. साध्या कटाला सरसकट पाच दिवसांच्या गोळ्या देण्याची सवय आहे, जागतिक आरोग्य संघटना तशी शिफारस करत नाही. उलट चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला असेल तर सहा तासांच्या आत शिरेतून एकच डोस उपयोगी पडतो. ब्रिटनमधल्या २०१९ च्या अभ्यासात संसर्ग १९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आला. तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या फाटीलाही प्रतिजैविक द्यावंच.

पथ्याचाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात टाक्यांनंतर मांड्या एकत्र बांधत आणि अफू देऊन शौच दिवसेंदिवस रोखत, शिवण टिकावी म्हणून. मग येणारा खडा टाके फाडायचा. २००४ मध्ये डब्लिनमध्येच, ऊल्ड यांच्याच गावी, १०५ बायकांत दोन्ही तऱ्हा तपासल्या. रेचक दिलेल्यांना पहिली शौच दुसऱ्या दिवशी झाली, रोखलेल्यांना चौथ्या, आणि रेचकवाल्यांना त्रास कमी. आपल्या घरांत अफू नाही, पण ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावं’ हा समज तेच काम करतो. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू चालतील, पण सोबत दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, भाज्या, फळं हवीत, नाहीतर मेथी-सुंठीच्या उष्ण आहारावर बद्धकोष्ठ ठरलेलं. बाजेखालच्या शेगडीची धुरी ओल्या जखमेला चटके आणि राख देते, ती टाळावी. पाठ-कमरेला शेक हरकत नाही. कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं बसून बरं वाटतं. मीठ घातल्याने मात्र जखम लवकर भरत नाही, हे १९८८ मध्ये रेडिंगमध्येच १,८०० बायकांवर पाहिलं गेलंय. हळद-तेलाचा बोळा आत ठेवू नये. शौचानंतर पुढून मागे धुवावं, टिपून कोरडं करावं, पॅड तीन-चार तासांनी बदलावं. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं.

उशिराच्या तक्रारी सर्वांत जास्त झाकल्या जातात. लाल, हात लावताच रक्त येणारं मांस वाढलं तर सिल्व्हर नायट्रेट लावून काढता येतं, पाच मिनिटांचं काम. संबंध दुखत असतील तर ती नुसती शिवणीची कडक रेघ नसते, अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी झाल्याने आलेला कोरडेपणाही असतो, आणि दोन्हीवर उपाय आहेत. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडलेले ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम वेदना परवानगी देईल तसे सुरू करता येतात.

१९९३ मध्ये लंडनच्या अब्दुल सुलतान आणि सहकाऱ्यांनी गुदद्वाराची सोनोग्राफी करून पाहिलं, तेव्हा पहिल्या बाळंतपणानंतर ३५ टक्के बायकांच्या गोल स्नायूत इजा सापडली. बहुतेक इजा डोळ्यांना दिसल्याच नव्हत्या. वायू आवरत नाही, शौच आल्यावर धावावं लागतं, योनीतून वायू किंवा शी येते, या तक्रारींचं मूळ अनेकदा तिथे असतं. आपल्याकडे सहा आठवड्यांनी बाळ पहिल्या मोठ्या लसींसाठी दवाखान्यात जातंच. तेव्हा सोबत आलेल्या आईला हे तीन प्रश्न थेट विचारावेत, ती आपणहून सांगत नाही.