नवीन काय आलं? रेकॉर्डची नोंदणी करण्याआधी

म्हापशात शुक्रवार म्हणजे बाजार. मयड्याची केळी, चोरिसांच्या माळा, मातीची मडकी, सुकी सुंगटं; आणि पिशवी भरून परतताना आमच्या रेकॉर्डच्या दुकानाच्या पायरीवर थांबून एक प्रश्न: "नवीन काय आलं?" योगायोग असा की १० जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत बाहेर येण्याचा वारही शुक्रवारच ठरला आहे. त्याआधी अमेरिकेत मंगळवार होता, ब्रिटनमध्ये सोमवार. म्हणजे प्रश्न अगदी वेळेवर येतो. उत्तर मात्र बहुतेकदा रुचत नाही: गाणी आली, रेकॉर्ड यायची आहे. असं का, आणि आम्ही आगाऊ पैसे का मागतो, हे बाजाराच्या गर्दीत धड सांगता येत नाही. म्हणून हा कागद.

आमच्याकडे काय मिळतं

स्वतंत्र रॉक आणि लोकसंगीत, एवढंच. सिनेमाची गाणी ठेवत नाही. त्यावरून रुसलेले शेजारी आहेत, पण इलाज नाही. स्वतंत्र म्हणजे रेकॉर्डिंगचा खर्च कलाकाराच्या खिशातून आणि मालकीही त्याचीच. गोव्याला हे नवं नाही. गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केला, वाद्यं स्वतःच वाजवली आणि पिवळ्या स्कूटरवरून कॅसेटी स्वतःच दुकानोदुकानी पोचवल्या. २०१० मध्ये इंडियन ओशन या बँडने आपला नवा अल्बम महिन्याला एक गाणं अशा हप्त्यांनी इंटरनेटवर फुकट वाटला. ढोल आणि बासरी हेवी मेटलच्या गिटारांत घुसवणाऱ्या दिल्लीच्या ब्लडीवूड बँडने ‘रक्षक’ २०२२ मध्ये स्वतःच काढला. साधनं बदलली, पण आमच्याकडचा बराचसा माल आजही कुणाच्या तरी स्कूटरवरूनच येतो.

रेकॉर्डला उशीर का होतो

गाणं इंटरनेटवर चढवायला काही दिवस पुरतात. एलपीचं, म्हणजे लांब चालणाऱ्या तबकडीचं, तसं नाही. आधी तिच्यासाठी वेगळं मास्टरिंग, म्हणजे छपाईआधीची आवाजाची शेवटची जुळवणी, करावं लागतं. खर्जातला आवाज डाव्या-उजव्या बाजूला विखुरलेला असेल तर तो मधोमध आणतात, नाहीतर सुई खाचेतून उडते. ‘स’, ‘श’ टोचत असतील तर बोथट करतात. एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटांपेक्षा जास्त कोंबलं की खाचा जवळजवळ येतात आणि आवाज बारीक होतो. पन्नास मिनिटांचा अल्बम दोन तबकड्यांवर का आणि दाम दुप्पट का, याचं उत्तर यात आहे. मग लॅकरचा (एक प्रकारच्या रोगणाचा) थर दिलेल्या चकतीवर खाच कोरायची, तिच्यावरून धातूचा साचा, साच्यावरून नमुना प्रत. ती प्रत कलाकाराने ऐकून होकार दिला की मगच छपाई. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात अशा चकत्या बनवणारा कारखाना जळाला आणि जगाचा भार जपानमधल्या एकाच कारखान्यावर आला. एवढ्या अरुंद गल्लीतून हा सगळा व्यवहार चालतो. त्यात मोठ्या कंपन्यांची मागणी आली की दोन-तीनशे प्रती काढणारा आपला बँडवाला रांगेत मागे सरकतो.

म्हणून नोंदणी. किती प्रती खपतील हे कलाकाराला आधी कळलं तर तो छपाईला हात घालतो, नाहीतर अल्बम फोनवरच राहतो. नोंदणीला अर्धी रक्कम घेतो, बाकीची रेकॉर्ड हातात पडल्यावर. सहा महिन्यांत आली नाही तर विचारा. थांबायचं नसेल तर पैसे पूर्ण परत, का म्हणून विचारणार नाही. वाकलेली निघाली तर बदलून देऊ. एकदा कुरियरवाल्याने आमचा खोका दुपारभर उन्हात ठेवला आणि आठ रेकॉर्ड्स पापडासारख्या झाल्या. तो तोटा आम्ही सोसला. तेव्हापासून मेमध्ये माल मागवत नाही.

आमच्याकडून घेऊच नका, असंही कधी

तुम्ही फोनवरच ऐकणार असाल तर आमच्याकडे पैसे घालवू नका. फक्त स्ट्रीमिंगवर विसंबूनही राहू नका: स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं बारा महिन्यांत हजारदा ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसेच निघत नाहीत. नवख्या बँडला हजार म्हणजे थट्टा नव्हे. बँडकॅम्प या वेबसाइटवर फाइल विकत घेता येते. ते १५ टक्के कापून घेतात, बाकी पैसे व्यवहाराचा खर्च वजा जाता कलाकाराला. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात. तारखा आधी जाहीर होतात, पण घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं. आपल्याकडे तो शुक्रवार उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला सुरू होतो, हिवाळ्यात दीडला. बाजार आटोपून, शीत-कडी जेवून, वामकुक्षीआधी घेतलंत की बरोबर बसतं. फाइल घेताना एफएलएसी, म्हणजे आवाजाचा काहीही भाग न गाळलेली, घ्या. एमपीथ्री त्यावरून कधीही बनवता येते, उलट नाही.

लोकसंगीताचं थोडं वेगळं

कव्हरवर ‘पारंपरिक’ असं छापलेलं दिसलं की आम्ही कलाकाराला एकच प्रश्न विचारतो: हे तुम्हाला कुणी शिकवलं? धालो या लोकनृत्याची गाणी पौषाच्या रात्री मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या जागी, बायका गातात. त्या शब्दांना एक कवी नाही, म्हणून मालकही नाही. पण रेकॉर्डिंगला मालक असतो आणि कायद्याने ती मालकी ६० वर्षं चालते. त्यामुळे ज्या बायांनी चाल दिली त्यांचं नाव आतल्या कागदावर नसेल, तर ती रेकॉर्ड आम्ही मागच्या फळीवर ठेवतो. ही आमची खोड समजा.

घुमट, म्हणजे मडक्याला कातडं ताणून केलेलं आपलं वाद्य, असलेलं काही घेत असाल तर फोनच्या स्पीकरवर ऐकून नाकारू नका. मातीच्या पोटातला तो खालचा घुमारा त्या एवढ्याशा स्पीकरमधून येतच नाही, उरतो फक्त टपटपाट. चवथीच्या आरतीला घुमट आणि शामेळ या वाद्यांशेजारी बसलेल्याला फरक लगेच कळेल. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असे. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित, म्हणून आता बकऱ्याचं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. बकऱ्याच्या कातड्याने आवाज पडला असं म्हणणारे वादक आहेत. आमचं मत विचाराल तर निम्मा दोष मायक्रोफोन लावणाऱ्याचा.

घरी नेल्यावर

तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. बंद गाडीत तर मासे घेण्यापुरतीसुद्धा विसरू नका. आपल्या पावसात कव्हराला बुरशी धरते: कपाट भिंतीपासून चार बोटं दूर हवं आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. कागदाचं आतलं पाकीट कुबट झालं तर घेऊन या, प्लॅस्टिकचं बदलून देतो. आजोबांच्या काळातल्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट लावू नका. त्या लाखेच्या, स्पिरिटने लाख विरघळते आणि आजोबांचं गाणं फडक्यावर येतं.

घेण्याआधी ऐकायचं असेल तर दुकानात एक टर्नटेबल मोकळं आहे. शुक्रवारी शक्यतो नको, गर्दीत धक्का लागून सुई सरकते. दुपारी १ ते साडेतीन बंद असतो.