कोझुका की कोगाई?

जपानी तलवारीचं सामान जमवायला लागलेला माणूस आधी त्सुबाच्या प्रेमात पडतो. त्सुबा म्हणजे मूठ आणि पातं यांच्या मधली चकती, आपल्या तलवारीत परज असते त्या जागची. मग कधीतरी लक्षात येतं की बऱ्याच त्सुबांना मधल्या भोकाच्या दोन्ही अंगांना आणखी एकेक भोक आहे आणि दोघांचे आकार वेगळे आहेत. धारेची बाजू वर आणि मुठीकडचा चेहरा आपल्याकडे धरला, तर डावीकडचं भोक अर्धचंद्राचं आणि उजवीकडचं तीन पाकळ्यांचं दिसतं. डावं कोझुकासाठी, उजवं कोगाईसाठी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. जपानी म्यानाच्या दोन अंगांना मात्र तलवारीच्या सोबतीने या दोन वस्तू नांदत असत.

दोन्ही अरुंद आणि दोन्हींवर एकाच धाटणीची नक्षी, त्यामुळे नवखे संग्राहक त्यांत गोंधळतात. लिलावांच्या फोटोंत तर कधी कधी नक्षीचा तुकडाच जवळून दाखवलेला असतो. घडणीत मात्र दोघींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कोझुका ही छोट्या सुरीची मूठ. नेमकं बोलायचं तर सुरीच्या पात्याला कोगाताना म्हणतात आणि मुठीला कोझुका, पण बोलताना सगळेच अख्ख्या सुरीला कोझुका म्हणून मोकळे होतात. ही मूठ सुमारे साडेनऊ ते दहा सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि आतून पोकळ असते. पुढचा नक्षीदार पत्रा, मागचा पत्रा आणि कडा जोडून एक चपटी डबी केलेली असते. एका टोकाला तोंड ठेवलेलं, त्यात पात्याचा दांडा खोचायचा. सुरी रोजच्या बारीकसारीक कामाची: कागद कापणं, काडी तासणं. ‘फेकून मारायची सुरी’ म्हणून ती विकणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं. पात्यावर एखाद्या थोर तलवारकाराचं लांबलचक नाव कोरलेलं दिसलं, तर त्यावरही सहजासहजी विश्वास ठेवू नये. संग्राहक पैसे मोजतो ते मुठीसाठी.

कोगाईला पातं नसतं. ती भरीव, एकसंध सळी. वीस-बावीस सेंटिमीटर लांब, एका टोकाला निमुळती होत गेलेली, दुसऱ्या टोकाला चक्क कानकोरणं. नक्षीचा पट्टा त्या कानकोरण्याच्या खाली, ठरलेल्या घाटाच्या चौकटीत. केस सारखे करायचे, शिरस्त्राण घातलेलं असताना डोकं खाजलं तर टोक आत सरकवायचं, असा तिचा उपयोग. काही कोगाई उभ्या चिरून दोन भागांच्या केलेल्याही मिळतात, त्यांना वारिकोगाई म्हणतात.

कमरपट्ट्यात धार वर ठेवून तलवार खोचली, की कोगाई बाहेरच्या अंगाला येते आणि कोझुका शरीराकडच्या. म्हणजे चारचौघांना दिसायची ती कोगाई. प्रत्येक तलवारीला दोन्ही असत असं मात्र नाही. कित्येक वाकिझाशींना, म्हणजे आखूड तलवारींना, एकटी कोझुका असते, आणि नको असलेलं भोक शिसं किंवा शाकुदो हा तांबं-सोन्याचा मिश्रधातू भरून बंद केलेल्या त्सुबा तर जागोजागी भेटतात. जुन्या त्सुबेत ही भोकं मागाहून पाडलेली असली तर ती मूळ नक्षीला बेधडक कापत जातात, तेवढ्यावरून ओळखू येतात.

आता गोतो या धातुकारागिरांच्या घराण्याकडे वळू, कारण या दोन वस्तूंचा खरा गुंता तिथे आहे. मूळ पुरुष गोतो युजो (१४४० ते १५१२) लष्करी राज्यकर्ता असलेल्या शोगुन आशिकागा योशिमासाच्या पदरी होता. पुढे मुख्य शाखेच्या सतरा पिढ्यांनी हेच काम एकोणिसाव्या शतकातल्या मेइजी काळापर्यंत चालवलं. पाचव्या पिढीच्या तोकुजोकडे तर तेव्हाच्या सत्ताधीश हिदेयोशीने १५८८ साली सोन्याची ओबान नाणी पाडायचं काम सोपवलं, एवढा या घराण्याचा मान. त्यांची ठरलेली शैली म्हणजे काळ्या शाकुदोवर माशाच्या अंड्यांसारख्या बारीक दाण्यांची जमीन (नानाको) आणि त्यावर उठावात सोन्याचे सिंह, ड्रॅगन, फुलं. कोझुका, कोगाई आणि मुठीवर बसवायच्या छोट्या नक्षीदार तुकड्यांची, म्हणजे मेनुकीची, जोडी अशा तिन्ही वस्तू एकाच विषयावर, एकाच हातच्या असल्या, की त्या संचाला मितोकोरोमोनो म्हणतात.

पहिल्या काही गोतोंच्या कामात कोगाईचं महत्त्व मोठं. पुढे मागणी कोझुकाकडे वळली आणि जुन्या, नामवंत हातच्या कोगाई कापल्या गेल्या. कानकोरणं गेलं, टोक गेलं. मधला चित्राचा पट्टा उचलून नव्या चौकटीत बसवला, मागे नवा पत्रा लावला आणि कोझुका तयार. याला कोगाई-नाओशी म्हणतात. हातात घेतल्यावर चित्राच्या पट्ट्याभोवती सांधा दिसतो. आतल्या पट्ट्याचा काळा रंग आणि भोवतालच्या चौकटीचा काळा रंग एका वयाचे वाटत नाहीत. पट्ट्यावरचे दाणे उंचवट्यांवर झिजलेले, चौकट मात्र धारदार.

पाठही वाचण्यासारखी असते. सुरुवातीचे गोतो आपल्या कामावर सही करत नसत, म्हणून नंतरच्या प्रमुखांनी दाखले कोरले: तेराव्या पिढीच्या मित्सुताकाने तिसऱ्या पिढीच्या जोशिनचं नाव कोरायचं, खाली आपलं नाव आणि मुद्रा. कित्येकदा नावाआधी ‘मोन’ असा शब्द असतो. म्हणजे उठावातली चित्रं तेवढी जोशिनची. जमीन आणि चौकट नंतरच्या. एवढा शब्द न वाचता अख्खी वस्तू पंधराव्या-सोळाव्या शतकातली म्हणून घेणारे पुष्कळ आहेत. मी कोगाई-नाओशीला कमी लेखत नाही. जुना सिंह कुठल्याही चौकटीत सिंहच राहतो. पण तिला अखंड कोझुकाचं मोल देणं चूक, आणि न कापता सुटलेली कोगाई समोर आली तर तिच्याकडे दुप्पट आदराने पाहावं.

२८ मार्च १८७६ रोजी मेइजी सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातली. सैनिक, पोलीस आणि दरबारी पोशाखातले मानकरी वगळता सगळ्यांच्या कमरेची तलवार गेली. या सामानावर जगणारे कारागीर दुसरीकडे वळले. कानो नात्सुओसारखा श्रेष्ठ कलावंत तर बंदीच्या आधीच नव्या नाण्यांच्या नक्षीवर काम करू लागला होता. जमलेलं सामान युरोप-अमेरिकेत पोचलं आणि तिथे कोझुकाला अनपेक्षित दुसरं आयुष्य मिळालं: फळं कापायच्या सुऱ्यांच्या मुठी म्हणून. इंग्लंड-अमेरिकेतल्या चांदीकारांनी त्यांत नवी पाती बसवली, आणि मुठी अपुऱ्या पडू लागल्या तशा त्या धाटणीच्या नकलाही केल्या. आज ‘पुरातन कोझुका’ म्हणून विकायला येणाऱ्या कित्येक मुठी अशा जेवणाच्या टेबलावरून आलेल्या आहेत. पोकळ डबीला कुठलंही पातं चालतं. भरीव कोगाईला असा दुसरा धंदा नव्हता.

ओतीव नक्कल ओळखायला भिंग घ्या आणि दाणे पाहा. खरी नानाको जमीन पोकळ तोंडाच्या छिन्नीने एकेक ठोका मारून केलेली असते. प्रत्येक दाणा वेगळा, गोल, रांग न मोडणारा, अगदी चित्राच्या कडेपर्यंत भिडलेला. ओतकामात दाणे एकमेकांत मिसळलेले, साबण लावल्यासारखे बुळबुळीत दिसतात आणि चित्राच्या कडेला तर नुसता चिखल असतो.

शाकुदो म्हणजे तांब्यात थोडंसं, बहुधा तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास, सोनं. घासून काढल्यावर तो तांब्यासारखाच दिसतो. ताम्रक्षारांच्या पाण्यात उकळल्यावर त्याच्यावर निळसर झाक असलेला काळा थर चढतो. हा थर अतिशय पातळ असतो. घरात तांबं-पितळ दिसलं की चिंच किंवा पितांबरी घेऊन बसायची आपली सवय इथे घात करते. दोन मिनिटांच्या घासण्यात चारशे वर्षांचा रंग जातो आणि खाली नागडं तांबं उरतं. मऊ सुती कापड, कोरडे हात, बस.

विकत घेताना शेवटची काळजी संचांची. वेगवेगळ्या ठिकाणच्या कोझुका, कोगाई आणि मेनुकी जमवून मितोकोरोमोनो म्हणून एका पेटीत घालायची प्रथा जुनी आहे आणि ती आजही चालते. विषय सारखा असणं पुरेसं नाही. कोझुका आणि कोगाईवरचे दाणे एकाच मापाचे आहेत का, काळ्याची झाक एक आहे का, सोन्याचा रंग जुळतो का, हे शेजारी शेजारी ठेवून बघावं. अशा जुळवलेल्या संचापेक्षा टोकापासून कानकोरण्यापर्यंत शाबूत असलेली एकटी कोगाई मी केव्हाही आधी घेईन, आणि तीसुद्धा विक्रेत्याकडून पाठीचा, कडेचा आणि दोन्ही टोकांचा फोटो मागवूनच.